मुय सोपा

परक्या भाषेत माणूस कोटी करायला लागला की ती भाषा त्याला आली, असं म्हणतात. मी याच्याही पुढे गेलो. मला भाषा यायच्या आधीच मी तिच्यात कोटी केली, आणि ती कोटी नेमकी काय होती हे मला घरी गेल्यावर मुलीकडून कळलं. तोपर्यंत माझी नेमणूक स्पॅनिशच्या दुसऱ्या पातळीवर झालेली होती.

आधी नोकरीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. अंधेरी पूर्वेला, मेट्रोतून उतरून चालत जाता येईल अशा एका काचेच्या इमारतीत मी बरीच वर्षं विलायतेतल्या एका फर्निचर कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेत होतो. कपाटाचं दार लागत नाही, पलंगाचा एक स्क्रू कमी आला, असल्या तक्रारी. पलंग तिकडे, स्क्रू तिकडे, आणि माफी मागायला मी इकडे. माफी मागण्यात माझा हातखंडा होता. पण एक दिवस कंपनीनं ते फोन मशीनला दिले. मशीन माझ्याहून गोड आवाजात माफी मागतं आणि मध्येच चहाला उठत नाही. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा निदान चाळीभर बोंब तरी झाली. आमची टीम बंद झाली तेव्हा फक्त एक ईमेल आली, तीही आधी स्पॅममध्ये गेली.

बॉसनं मला केबिनमध्ये बोलावलं. बॉस माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो मला ‘तू’ म्हणतो, मी त्याला ‘सर’ म्हणतो. हिशेब बरोबर आहे, पगार त्याला जास्त आहे.

‘‘तुला स्पॅनिश येतं ना रे?’’

‘‘मला?’’

‘‘माझ्या बड्डेला ग्रुपवर टाकलं होतंस ना. फेलीस कुंप्ले... कायतरी. बाकी सगळ्यांनी हॅपी बड्डे टाकलं, तू एकट्यानं स्पॅनिश.’’

ते मी फोनवरून जसंच्या तसं उचललेलं होतं, आणि तेही शब्दांसाठी नाही. त्यावरचं केकचं चित्र झकास होतं. हे सांगायची हीच वेळ होती. पण बॉस पुढे म्हणाला, ‘‘मेक्सिकोच्या एका फ्रीजच्या कंपनीचं काम येतंय. इंग्लिशवाले सगळे जाणार, स्पॅनिशवाले राहणार.’’

‘‘येतं की,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे, थोडं थोडं.’’

‘‘थोडं थोडं नाही चालणार यार. क्लायंटला विद्यापीठाचं सर्टिफिकेट पाहिजे, दुसऱ्या पातळीचं. ही टर्म संपेपर्यंत दुसरी पातळी काढ, सीट तुझी. मधेमधे ट्रायल म्हणून फोनवरही बसवीन. नाही जमलं तर मग... मी तरी काय करणार, तूच सांग.’’

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेलेली नोकरी परत येत नाही. तिला निवृत्तीच म्हणायचं. फक्त हारतुरे नसतात.

आम्ही मुलुंडला राहतो. घाटकोपरच्या ज्या विद्यापीठात माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे, तिथेच शनिवार-रविवारी सकाळी परकीय भाषांचे वर्ग भरतात आणि त्यात बाहेरच्यांनाही घेतात. स्पॅनिशच्या पातळ्या तीन. पहिलीत कुणीही बसावं. एकदम दुसरीत बसायचं तर चाचणी द्यावी लागते. मी पहिलीत बसलो असतो तर टर्म पहिलीतच संपली असती आणि तिच्याबरोबर नोकरी. शिवाय पहिलीत माझी मुलगी होती.

‘‘पप्पा, तुम्हाला स्पॅनिश शिकायचंच असेल तर शिका,’’ ती म्हणाली, ‘‘पण प्लीज, माझ्या बॅचला नको. मी मरेन.’’

‘‘अगं, मी दुसरीलाच बसतोय.’’

‘‘दुसरीला? तुम्हाला पहिलीतलं तरी येतं का?’’

‘‘पोर्तुगीज आणि स्पॅनिश म्हणजे काय, मराठी आणि मालवणी,’’ मी माझा सिद्धांत मांडला. ‘‘मालवणी मी कधी शिकायला गेलो होतो? आजी बोलायची, मला कळायचं. आणि पोर्तुगीज तर आपल्या स्वयंपाकघरातच पडलेलं आहे. बटाटा, पाव, चावी, बादली.’’

‘‘बादली स्वयंपाकघरात नाही,’’ बायको आतून म्हणाली. ‘‘आणि मालवणीही तुम्हाला येत नाही. माझ्या मामांना तुम्ही काय म्हणाला होतात ते आठवतंय ना?’’

मी ते आठवलं नाही. चाचणीपर्यंत मी फोनवर स्पॅनिश शिकलो. फोनवरचं स्पॅनिश म्हणजे एक मुलगा सफरचंद खातो आणि एक मुलगी दूध पिते. ती मुलं रोज तेवढंच करत असतात. त्यांना नोकरी नाही, बॉस नाही, मेक्सिकोहून फोन नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. एक दिवस मात्र ‘पगार’ हा शब्द समोर आला, अगदी आपलाच, पैसे देणे या अर्थाचा, तेव्हा मला गहिवरून आलं. म्हटलं, ज्या भाषेत पगार आहे ती मला परकी कशी असेल!

चाचणीचा लेखी भाग पर्यायांचा होता. जो पर्याय मराठीसारखा दिसेल त्यावर मी खूण करत गेलो. मग तोंडी परीक्षेला आत बोलावलं. शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या, चेंबूरच्या, स्पेनला राहून आलेल्या. दाराबाहेर त्या माझ्याशी मराठीत बोलल्या होत्या. दाराच्या आत त्यांना मराठी ठाऊकच नसावं असं वाटत होतं. त्यांनी माझ्यापुढे एक चित्र ठेवलं. टेबलाभोवती एक कुटुंब बसलेलं, प्रत्येकासमोर वाडगा, वाडग्यातून वाफ. मॅडमनी काहीतरी विचारलं. सफरचंद खाणारा मुलगा चित्रात कुठे दिसेना, तेव्हा मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी घाम पुसला. त्यांना माझी दया आली असावी, कारण त्या चित्राकडे बोट करून, मान तिरकी करून हळूच म्हणाल्या, ‘‘सोपा?’’

किती बरं वाटलं मला! बाई शेवटी मराठीत आली. पेपर सोपा गेला का, असं विचारतेय बिचारी. मी खुलून म्हणालो, ‘‘सी, सी! मुय सोपा!’’ म्हणजे हो, हो, खूप सोपा; ‘सी’ आणि ‘मुय’ तेवढे फोननं शिकवले होते. मग वाटलं, एवढी फुशारकी बरी नाही. म्हणून नम्रपणे जोडलं, ‘‘पण थोडा कठीण.’’

मॅडमनी जे हसायला सुरुवात केली ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. ‘‘सूप, आणि तेही कठीण!’’ त्या चक्क मराठीत म्हणाल्या. ‘‘काय कोटी केलीत हो! पाठांतर कुणीही करतं. परीक्षेला बसल्या बसल्या दोन भाषांची गाठ मारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. तुम्हाला का मी अ-आ-इ-ई शिकवू?’’

आणि त्यांनी माझ्या नावापुढे दुसरी पातळी लिहिली.

घरी येऊन मी मुलीला विचारलं, ‘‘सूपचा काय संबंध गं?’’

‘‘सोपा म्हणजे सूप, पप्पा. पहिल्याच धड्यात आहे.’’ मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. ‘‘अरे देवा. तुम्हाला काय वाटलं?’’

त्या दोघी मायलेकी जेवण संपेपर्यंत हसत होत्या. मीही हसलो. पण माझी सीट वाचली होती, म्हणून हसलो. आत कुठेतरी मला कळत होतं की आपण उंच झाडावर चढलोय आणि चढताना फांद्या धरलेल्या नाहीत, तेव्हा उतरताना त्या कुठून सापडणार.

दुसऱ्या पातळीत सगळी पोरंच. माझी कीर्ती माझ्याआधी वर्गात पोचली होती. मॅडमनी सूपचा किस्सा सांगून ठेवला होता. पहिल्याच दिवशी पोरं ‘‘काका, अजून एक, अजून एक’’ करू लागली. आणि मला कोट्या सुचायच्या हो, हेच तर दुर्दैव. ‘आभाराची गरज नाही’ याला स्पॅनिशमध्ये ‘दे नादा’ म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे आभार मानले तर कुणी नाडा मागत नाही. पलंगाला ‘कामा’ म्हणतात. मी म्हटलं, हे मला आमच्या ऑफिसात काहीजणांचं काम बघून आधीच कळलं होतं. ‘मी कासा’ म्हणजे माझं घर. मी म्हटलं, मी कसा ते घरी येऊनच बघा. वर्ग हसायचा, मॅडम हसायच्या, आणि प्रश्न माझ्यावरून पुढच्या पोराकडे सरकायचा. कोटी केली की उत्तर द्यावं लागत नाही, हा शोध मला लागला आणि त्या शोधानं माझी वाट लावली.

कारण बाकीची पोरं दर आठवड्याला थोडी थोडी पुढे जात होती. मॅडम विचारायच्या, काल काय केलंत? पोरं सांगायची: आम्ही सिनेमाला गेलो, मनोरीच्या समुद्रावर गेलो, बोटीतून परत येताना मैत्रिणीची चप्पल पडली. अख्खी चप्पल पाण्यात पडेपर्यंत क्रियापदं बरोबर! माझ्याकडे फक्त वर्तमानकाळ होता, आणि तोही सफरचंदाचा. माझ्या स्पॅनिशला काल नव्हता आणि उद्या नव्हता. संध्याकाळी घरी बसून क्रियापदांचे तक्ते घोकायचो, तर डोक्यात शब्द शिरायच्या आधी त्याची कोटी शिरायची. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. मला पेरू दिसायचा. ‘माला’ म्हणजे ‘वाईट’. मी विचारायचो, मला काय? कानाला असली खोड लागली होती की समोरचा स्पॅनिशमध्ये काहीही बोलला तरी मला मराठीच ऐकू यायचं, आणि तेही निरर्थक. तापात ऐकू येतं तसं.

बायकोला शंका आली होती. ‘‘अहो, जमतंय ना?’’ ती विचारायची.

‘‘वर्गात माझ्याशिवाय पान हलत नाही.’’

‘‘ते ठाऊक आहे मला. जमतंय का विचारलं.’’

एका संध्याकाळी बॉसनं मला ट्रायलला बसवलं. आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे मेक्सिकोत सकाळ. फ्रीज उघडून बघायची आणि चिडायची वेळ. माझ्या कानाला एक हेडफोन, दुसरा बॉसच्या कानाला. बॉसला स्पॅनिशचा गंध नाही, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून तो असा उभा होता की जणू माझं लग्न लागतंय.

पलीकडे एक बाई होत्या. सुरुवात चांगली झाली. मी नमस्कार केला, त्यांनी केला. मग त्या सुटल्या. माझ्या हाती फक्त ‘फ्रीज’ लागला. मी ‘‘सी, सेन्योरा’’, म्हणजे ‘हो, बाईसाहेब’, म्हणालो. त्या आणखी जोरात सुटल्या. मी आणखी गोड आवाजात ‘‘सी, सेन्योरा’’. विलायतेला मी वर्षानुवर्षं जी माफी मागितली होती तिचं स्पॅनिश मला आठवेना. त्या जागी पेरू, नाडा, पलंग असला सगळा संसार पसरलेला. शेवटी बाई एकेक शब्द तोडून म्हणाल्या, ‘‘नो सिर्वे पारा नादा!’’

‘नादा’! बुडणाऱ्याला काडी सापडावी तसा मला तो शब्द सापडला. मी तत्परतेनं म्हणालो, ‘‘दे नादा, सेन्योरा.’’

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

‘‘झकास!’’ बॉस माझी पाठ थोपटत म्हणाला. ‘‘काय म्हणत होती?’’

‘‘आभार मानत होती,’’ मी म्हणालो, आणि मला खरोखरच तसं वाटत होतं.

मेक्सिकोवाल्यांनी ते संभाषण ऐकलं. दोन दिवसांनी त्यांच्याकडून खुलासा आला. बाई म्हणाल्या होत्या, ‘हा फ्रीज काही कामाचा नाही.’ त्यावर मी म्हणालो होतो, ‘त्यात आभार कसले, सेन्योरा.’

बॉस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘तू खरंच दुसऱ्या पातळीत आहेस ना?’’

‘‘आहे सर.’’

‘‘मग पास होशील ना?’’

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठलं. पातळी बदलून घ्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. दुसरीत राहिलो तर नापास होणार हे मला दिसत होतं. पहिलीत गेलो तर सर्टिफिकेट पहिलीचं मिळणार आणि सीट जाणार. म्हणजे दोन्हीकडून जाणारच होती. फरक इतकाच की एकीकडे जाताना निदान काहीतरी येत असणार होतं. असा विचार मी केला खरा, पण विचार करून केला असं म्हणणार नाही. मेक्सिकोचा तो खुलासा ऐकताना मला जे वाटलं होतं ते पुन्हा वाटून घ्यायची हिंमत नव्हती, एवढंच.

‘‘मॅडम, मला पहिलीत टाका.’’

‘‘का हो? तुमच्यामुळे तर वर्गाला रंगत आहे.’’

‘‘मॅडम, ती कोटी नव्हती.’’

‘‘कुठली?’’

‘‘सूपची. मला वाटलं, तुम्ही पेपर सोपा होता का विचारताय.’’

मॅडम पुन्हा हसत सुटल्या. ‘‘ही तर पहिलीपेक्षा भारी! पेपर सोपा! थांबा, हे मला लिहून ठेवू दे.’’

‘‘मॅडम, खरं सांगतोय.’’

‘‘तुम्ही ना, कमाल आहात.’’

आयुष्यात मी अनेकदा खोटं बोललोय आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवलाय. तेव्हा अक्षरशः गयावया करून खरं सांगत होतो, तर बाई वहीत विनोद टिपून घेत होत्या. मी म्हटलं, ‘‘मग आता काहीही विचारा. स्पॅनिशमध्ये. मी कोटी करणार नाही.’’

त्यांनी हसत हसतच काहीतरी विचारलं. मी गप्प उभा राहिलो. त्यांनी आणखी सोपं काहीतरी विचारलं. मी गप्प. माझ्या जिभेवर दोन कोट्या आल्या होत्या, मी त्या गिळल्या. त्यांनी आणखी सोपं करून विचारलं, लहान पोराला विचारावं इतकं सोपं, आणि ते मला कळायला हवं होतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

‘‘अहो, मग इतके आठवडे तुम्ही वर्गात काय करत होतात?’’

‘‘तुम्हाला हसवत होतो.’’

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, ‘‘पहिलीत जागा आहे. पण त्या बॅचला तुमची मुलगी आहे.’’

घरी ही बातमी सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘अहो, लोक पहिलीतून दुसरीत जातात.’’ मुलगी उठून आत गेली. थोड्या वेळानं दारात येऊन तिनं अटी सांगितल्या. वर्गात ओळख दाखवायची नाही. शेजारी बसायचं नाही. आणि एकही कोटी करायची नाही. ‘‘एकही नाही, पप्पा. एक जरी केलीत ना, तर मी विषय सोडेन.’’

‘‘कबूल.’’

‘‘आणि ऑफिसचं काय? दुसरी पातळी पाहिजे होती ना?’’

‘‘ते मी बघतो,’’ मी म्हणालो. म्हणजे काय बघणार होतो देव जाणे.

पहिली पातळी मला आवडली हे मी कबूल केलं पाहिजे. तिथे सगळं लहान लहान असतं. मी आहे. तू आहेस. हे घर आहे. सूप गरम आहे. कोटीची बंदी असल्यामुळे मला शब्द ऐकावे लागायचे, आणि ऐकल्यावर ते हळूहळू मराठी वाटेनासे झाले. एकदा ‘पेरो’ म्हटल्यावर पेरू दिसला नाही, नुसतं ‘पण’ ऐकू आलं. एवढा आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता, आणि तो सांगायला वर्गात ओळखीचं कुणी नव्हतं. होतं, पण ओळख दाखवायची नव्हती.

एका शुक्रवारी बॉसनं विचारलं, ‘‘काय म्हणतं सर्टिफिकेट?’’ मी पातळी बदलल्याचं सांगून टाकलं.

‘‘पहिली?’’ तो म्हणाला. ‘‘अरे, पहिलीत तर माझा मुलगा आहे, शाळेत!’’

मी हसलो. सवयीनं. तो हसला नाही, कारण त्यानं विनोद केलेलाच नव्हता. खिडकीतून बाहेर बघत तो म्हणाला, ‘‘फ्रीजवाल्या बाईचं मी कसंतरी निभावलं होतं. वर सांगितलं, माणूस शिकतोय, दुसरीत आहे. आता काय सांगू?’’ आणि मग, ‘‘सोमवारपासून नको येऊस. सामान नंतर ने, घाई नाही.’’

माझं सामान म्हणजे एक डबा आणि एक मग. ते मी तेव्हाच घेतलं. मेट्रोत घाटकोपरपर्यंत मी तो मग हातात धरून उभा होतो. घरी काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक चुटका आपोआप येऊन बसत होता. तसा तो सांगितला असता तर बायको हसली असती, आणि हसून झाल्यावर तिला कळलं असतं. ते मला बघवलं नसतं. घरी पोचलो तर तिच्या शिकवणीची पोरं बसलेली. मग जेवण. मग ती दमून झोपली. मी काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, वर्ग. मॅडमनी चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या, आणि माझ्या चिठ्ठीवर माझीच मुलगी निघाली. वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, माझ्याकडे न बघता. उजळणीचा धडा होता, ओळख करून देण्याचा: नाव काय, राहतेस कुठे, करतेस काय. एकानं स्वतःबद्दल सांगायचं आणि शेवटी ‘ई तू?’ असं विचारायचं. म्हणजे, आणि तू? स्पॅनिशमधला तू अगदी आपल्यासारखाच, तू. मोठ्यांसाठी त्यांच्याकडे ‘उस्तेद’ आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखा.

मुलीनं हात वर केला. ‘‘मॅडम, उस्तेद चालेल का?’’

‘‘नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘वर्गात सगळे तू.’’

तिनं जन्मात मला ‘तू’ म्हटलेलं नाही. तिनं आपलं नाव सांगितलं आणि पुस्तकात बघत म्हणाली, ‘‘ई तू?’’ कान लाल झाले होते तिचे. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, मी मुलुंडला राहते, ई तू? मी म्हटलं, मीही मुलुंडला. शेजारच्या जोडीतली पोरं फिसकन हसली. ती जरा सैलावली. मग म्हणाली, ‘‘सोय एस्तुदियान्ते.’’ मी विद्यार्थिनी आहे. ‘‘ई तू?’’

पुस्तकात उत्तरांचे नमुने दिले होते. मी डॉक्टर आहे. मी शिक्षक आहे. मी ऑफिसात काम करतो. शेवटचं माझ्यासाठीच छापलं होतं, आणि ते मला पाठ होतं. मी तोंड उघडलं. दुसऱ्या पातळीत असतो तर एव्हाना एक कोटी करून सुटलो असतो. इथे कोटीला बंदी होती, आणि माझ्याजवळचे शब्द इतके थोडे होते की त्यांत काही लपवायला जागाच नव्हती.

‘‘नो त्राबाखो,’’ मी म्हणालो.

‘‘पप्पा,’’ ती कुजबुजली, ‘‘नो नको. त्राबाखो. मी काम करतो. नो म्हटलं की करत नाही असं होतं.’’

‘‘नो हवा आहे,’’ मी म्हणालो.

तिनं पुस्तकातून मान वर केली. मी कोटी करतोय का ते तिनं माझ्या चेहऱ्यावर शोधलं. बराच वेळ शोधलं. आणि मी करत नाहीये हे तिला कळताना मला दिसलं.

मॅडम बाकांमधून फिरत आमच्यापाशी आल्या होत्या. ‘‘पुन्हा म्हणा बघू?’’

‘‘नो त्राबाखो.’’

‘‘मुय बिएन,’’ त्या म्हणाल्या, आणि खरोखर खूश होऊन म्हणाल्या. ‘‘एकही चूक नाही.’’ मग त्या पुढच्या जोडीकडे वळल्या.

‘‘आईला माहितीये?’’ मुलीनं हळूच विचारलं.

‘‘मराठी ऐकू येतंय मला!’’ मॅडम पाठमोऱ्याच ओरडल्या. ‘‘स्पॅनिश!’’

मुलगी थांबली. डोळे मिटून तिनं शब्द जुळवले. हे वाक्य धड्यात नव्हतं. पहिल्या पातळीत कुणी कुणाला असलं विचारत नाही.

‘‘ममा साबे?’’

‘‘नो,’’ मी म्हणालो.

तिनं पुस्तक मिटलं, आणि बाक ओढून माझ्या शेजारी घेतला.